तोंडात न जाणाऱ्या भेटवस्तू

आईच्या करंज्या म्हशीच्या गव्हाणीत पडलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. नाताळचा दिवस होता. सकाळीच चर्चमध्ये गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट ऐकून आलो होतो.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या सेक्रेटरींच्या बंगल्यावर फराळाचं ताट देऊन मी निघालो होतो. पाटाच्या पुलापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, हेल्मेट ओट्यावरच राहिलं. परत आलो. सेक्रेटरींच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव वहिनीसाहेब म्हणतं, गोठ्यात उभ्या होत्या. ताट तिरकं करून करंज्या गव्हाणीत सारत होत्या. अनारसे आधीच पडले होते. ताटावरचा आईने विणलेला रुमाल मात्र त्यांनी नीट घडी घालून खांद्यावर ठेवला होता.

त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. मागून सेक्रेटरीसाहेब आले. म्हणाले, "सर, गैरसमज नको. आमच्यात चालत नाही, एवढंच. तुम्ही शिकलेले आहात, समजून घ्याल."

मी हसलो. म्हणालो, "म्हशीला चालतंय ना साहेब, झालं तर मग."

ते दोघंही हसले. मी हेल्मेट घातलं आणि निघालो.

ते वाक्य माझ्याकडून कुणी मागितलं नव्हतं. आपोआप आलं. आज सतरा वर्षं झाली, त्याची लाज गेलेली नाही. नोकरी कायम व्हायची होती, सही त्यांची होती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. माझ्या आजोबांनी धर्म बदलला. गावाने आमची जात लक्षात ठेवली. आणि मीही ठेवली. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपणच हसायचं, हे आमच्या घरात न शिकवता येतं.

घरी आई उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. तीन दिवस तळणाजवळ बसून तिची कंबर धरली होती.

"काय म्हणल्या बाई? खाल्ली का येखादी?"

"खाल्ली. लई आवडली म्हणाल्या."

"व्हय? मग पुढल्या सालाला जास्त करू. त्यांच्या वाट्याला खसखस टाकू चांगली."

पुढच्या वर्षी तिने खरंच टाकली. खोबरं स्वतः किसलं. बाकीच्या करंज्या कातण्याने कापल्या, पण बंगल्यावरच्या करंज्यांना बोटांनी मुरड घातली. एकेक वळ सारखा. "बाईंच्या हायेत, हात लावू नका," असं माझ्या बायकोला बजावलं.

ते ताट मी बंगल्यावर नेलं नाही. पुलाच्या पुढे, पाटाच्या कडेला गाडी लावली. इकडंतिकडं बघितलं आणि करंज्या पाण्यात ओतल्या. ताट पाटातच विसळलं. घरी येऊन पुन्हा तेच म्हणालो. आवडल्या म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी मी आईला थांबवलं. "आता कुणी गोड खात नाही, आई. सगळ्यांना शुगर झालीय. भेट म्हणून मी शाळेत काहीतरी करून नेत जाईन."

"माझ्या हातचं नगं का आता?"

"तसं नाही गं. तुला त्रास होतो."

तिने कातणं धुऊन फडताळात ठेवलं.

मला रुमालाची घडी आठवत होती. वस्तू चालते, एवढं मी त्या गोठ्यात शिकलो होतो. मी कार्यानुभव शिकवतो, त्यामुळे हाताला वळण होतंच. जुन्या वह्यांचा पुठ्ठा आणि पतंगाच्या कागदाची चांदणी केली. चर्चमधल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून नारळाच्या करवंटीत ओतले, मध्ये वात. लोणच्याच्या रिकाम्या बरणीला सुतळी गुंडाळून दिवा. साडीच्या काठाचे बुकमार्क. तासाभरात होणारं, खर्च नसल्यासारखाच. बंगल्यावर पहिली चांदणी दिली, ती त्याच संध्याकाळी गच्चीत लागली. वहिनीसाहेब म्हणाल्या, "सर, तुमच्या हातात कला आहे हो."

त्या शब्दांनी मी फुलून गेलो होतो. हेही लिहायला हवं. दरवर्षी डिसेंबर लागला की नवीन काय करायचं, याची मी महिनाभर तयारी करायचो. पेपरात एकदा माझ्या चांदण्यांचा फोटो आला. आईला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "झ्याक हाय." मग भाजी निवडू लागली.

या डिसेंबरात संस्थेने शिक्षकांसाठी माझं शिबिर ठेवलं. विषय होता, नाताळच्या झटपट आणि स्वस्त घरगुती भेटवस्तू. साहेब अध्यक्ष म्हणून पुढच्या खुर्चीत बसले होते. मी फळ्यावर सात वस्तू लिहिल्या.

मागच्या बाकावरून एक नव्या बाई उठल्या. त्या पाथर्डीकडच्या, आईवडील ऊसतोडीला जाणारे. म्हणाल्या, "सर, यात खायचं कायच कसं न्हाई? आमच्याकडं सणाला आधी ताट जातं, मग बाकीचं."

मी उत्तर द्यायच्या आत साहेब मागे वळले. हसत म्हणाले, "सरांना कळतं बाई, कुठं काय द्यायचं ते. उगाच नाही आपण त्यांना आपला माणूस म्हणत."

हॉलमध्ये हशा पिकला. मला पाहून सगळे हसत होते, प्रेमाने. माझेही ओठ हलले होते.

मी फळ्याकडे बघितलं. सात वस्तू. एकही तोंडात जाणारी नाही. हे कुठून सुरू झालं, ते कौतुकात मी विसरून गेलो होतो. साहेबांच्या ध्यानात होतं. ते गोठा विसरले नव्हते. मी माझी जागा ओळखून वागतोय, हे ते दर नाताळला बघत होते आणि खूश होत होते.

मी डस्टर घेतलं. फळा पुसला.

"साहेब, माझ्या आईच्या करंज्या तुमच्या घरात म्हशीला घातल्या. तेव्हा मी हसलो होतो. आज हसणार नाही."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "सर, जुनं कशाला उकरताय? सणाचे दिवस आहेत."

"सण माझा आहे, साहेब."

एवढंच बोललो. खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गोठा सांगितला. मी केलेला विनोद सांगितला. पाटही सांगितला. मला वाटलं होतं ती बंगल्यावर चिडेल. ती माझ्याकडे वळली.

"त्यांनी म्हशीला घातलं. जनावराच्या का हुईना, पोटात तरी गेलं. तू पाण्यात घातलंस." मग म्हणाली, "आन् मला पुन्हा करूच दिलं न्हाईस."

तिची बोटं आता वाकली आहेत, मुरड घालता येत नाही. माफी मागून ती सरळ होणार नाहीत, म्हणून मी मागितलेली नाही. तिनेही अजून नीट बोलायला सुरुवात केलेली नाही. मी पीठ मळतो, ती खाटेवरून बघते. माझी मुरड तेलात सुटते.

पर्यवेक्षकाच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं, ते मागे घेतलंय, असं कानावर आलं. घेऊ देत.

नाताळला मी ताट घेऊन बंगल्यावर जाणार आहे. ओट्यावर ठेवून निघणार नाही. समोर बसेन आणि म्हणेन, एक माझ्यासमोर खा. नाही खाल्ली, तर ताट उचलून गावातून पायी परत येईन. कुणी विचारलं तर का परत आणलं ते सांगेन, कुणाच्या घरून आणलं तेही सांगेन. आणि आईने विचारलं, बाई काय म्हणल्या, तर त्या जे म्हणाल्या असतील तेच, शब्दन् शब्द, तिच्या तोंडावर सांगेन.