नाव विचारत असत

वैजयंती ताम्हनकर दुपारी झोपत नाहीत, असं त्या सांगतात. या विधानाला त्यांच्याखेरीज दुसरा आधार नाही. जेवणं झाली की त्या फक्त ‘पडतात’. चष्मा काढत नाहीत आणि मोबाइल छातीवर उघडा ठेवतात, म्हणजे कुणी डोकावलंच तर वाटावं की बाई वाचता वाचता विचारात गढल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मनोहरपंत न सांगता टीव्हीचा आवाज बारीक करतात. संसारात काही गोष्टी पुराव्याशिवाय मान्य करून टाकलेल्या बऱ्या.

आज मात्र पडूनही चैन नाही. सहकारी बँकेच्या ऑडिटमध्ये हयात गेलेली बाई. निवृत्तीनंतर बाकीच्या बायका भजनीमंडळात गेल्या, ह्या ऑनलाइन मराठी ज्ञानकोशात शिरल्या. तिथे कुणीही लेख लिहावा आणि कुणीही सुधारावा. साहजिकच लिहिणारे उदंड आणि ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर देणारे चार. वैजयंतीबाई त्या चारांपैकी. ज्या लेखाला कसलाच संदर्भ नाही त्याला पुस्तक, गॅझेटियर, वर्तमानपत्र, काहीतरी विश्वासाचं शोधून जोडायचं. पगार नाही, आभार नाहीत, आणि चूक काढली की लोक वर चिडतात. म्हणजे बँकेसारखंच, फक्त पेन्शन नसलेलं.

या महिन्यात स्वयंसेवकांची मोहीम आहे: बिनसंदर्भाच्या लेखांची यादी संपवायची. बाईंच्या वाट्याला आलेले बहुतेक लेख एकाच माणसाचे, कै. भूपाल मगदूम सरांचे. सर भूगोलाचे. तालुक्यातला एक ओढा, एक जत्रा, एक खिंड त्यांनी सोडली नाही. संदर्भ मागितला की फोनवर म्हणायचे, “मॅडम, सगळ्या तालुक्याला माहीत आहे!” दिवाळीच्या आधी सर गेले. तालुका राहिला, पण तो काही फोन उचलत नाही.

त्यातल्या एका लेखात बाईंचा जीव अडकला आहे. निंबगावचा उतार, म्हणजे पूल होण्याआधी होडीनं नदी ओलांडायची जागा. पात्राची रुंदी, रस्त्याचं अंतर, पुलाचं साल, सगळं रुक्ष. आणि मध्येच एक वाक्य: ‘येथील होडी चंद्राबाई अंबी चालवत, होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला त्या नाव विचारत असत व नाव सांगितल्याशिवाय दोर सोडत नसत.’ एवढ्या यादीत बाईंनी दोनदा वाचलेलं हे एकच वाक्य.

सोमवारी त्याला संदर्भ सापडला. एका दैनिकाची रविवारची पुरवणी, छापील, तारखेसह. बाईंनी तो जोडला आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणाला बोलल्या नाहीत. आज जेवणानंतर सहज पुन्हा उघडून पाहिला. पुरवणीत ‘ऊतार’ छापलंय, दीर्घ ऊ. सर जन्मभर असाच लिहायचे. आणि पुरवणीची तारीख सरांच्या लेखानंतरची. म्हणजे वार्ताहरानं सरांचा लेख उतरवला, आणि बाईंनी तीच उतरवलेली प्रत सरांच्या लेखाला पुरावा म्हणून लावली. कर्जदार स्वतःलाच जामीन राहिला, आणि ऑडिटनं शिक्का मारला!

संदर्भ काढला तर नियमानं वाक्य जाणार. वाक्य गेलं तर उतार राहील, चंद्राबाई जातील. चंद्राबाईंचं नाव जगात आणखी कुठे छापलेलं नाही. वैजयंतीबाई शोधून शोधून थकल्या आहेत. कुणीतरी फक्त एवढं सांगावं, की हे खरं आहे.

डोक्यावरचा पंखा जुना आहे. असत-नसत, असत-नसत करत फिरतो.

बँकेच्या काउंटरवर रांग आहे आणि रांगेत मगदूम सर उभे आहेत. हातात पितळी टोकन. सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग.

“काय मॅडम, आमचं काम अजून तुमच्याच टेबलावर?”

“सर, तुम्ही गेलात ना?”

“आहे का संदर्भ?”

“आहे. पेपरात निधनवार्ता, पान पाच. फोटोसह.”

“वय चुकवलंय त्यात. दोन वर्षांनी लहान केलंय.” सर खूश दिसतात. “ते राहू द्या, दुरुस्त नका करू.”

बाई जाळीतून हात पुढे करतात, टोकन घ्यायला. जाळी नाहीच. समोर फळा आहे, फळ्याशेजारी जिल्ह्याचा कापडी नकाशा लोंबतोय आणि त्या स्वतः चौथीच्या बाकावर बसल्या आहेत. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. नकाशातल्या नद्या हळूहळू खाली सरकतायत, पण वर्गात कुणी त्याची दखल घेत नाही.

“सर, ते नाव विचारण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळ्या तालुक्याला...”

“तालुक्यातला एक माणूस द्या. एकच.”

सर खडूचा तुकडा या हातातून त्या हातात करतात. खोडी पकडलेल्या पोरासारखे नकाशाकडे बघतात.

“भूपाल आण्णा मगदूम,” ते म्हणतात.

“तुम्ही?”

“मीच. मावशीकडं निघालो होतो पलीकडं, एकटाच. चंद्राबाईनं दोर धरून ठेवला आणि विचारलं, नाव काय रं तुझं? कुणाचा तू? घर कुठलं?” सरांचा आवाज बारीक होत जातो. “एवढी मोठी बाई, अख्खी नदी तिच्या ताब्यात, आणि मला नाव विचारते! घरात सात भावंडं आमची. मला ए, अरे, धाकट्या, एवढंच. मी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.”

“किती वेळा विचारलं?”

“म्हणजे?”

“किती वेळा गेलात होडीतून?”

“पुष्कळदा.”

“आणि नाव किती वेळा विचारलं?”

सर खडू खिशात ठेवतात. “एकदा.”

“आणि लिहिलंत काय? विचारत असत! प्रत्येकाला!”

“अहो, ज्ञानकोशात ‘विचारलं’ कसं लिहायचं? आजीनं गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं. ‘असत’ लावलं की कसं, वाक्याला कोट घातल्यासारखं होतं.”

“एका दिवसाचा तुम्ही रिवाज केलात, सर.”

“तुमच्या बँकेत एका हप्त्यावर खातं नियमित म्हणत नव्हते का?”

“नव्हते!”

“तरीच आम्हाला कर्ज मिळालं नाही.”

वर्गात मागे कुणीतरी हसतं. बाईंना हसू येत नाही. त्यांना एकाएकी फार थकवा येतो, पायांपासून वर चढत येणारा.

“दमले हो मी तुमच्यामागून निस्तरून,” त्या म्हणतात. “एका लेखाला दोन-दोन दिवस जातात. डोळे गेले. तुम्ही लिहून मोकळे झालात.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“मग त्यालाही संदर्भ नाही,” सर म्हणतात, पण मायेनं. “बसा जरा.”

बसलेल्याच आहेत त्या. बाक हलतो. बाक ओला आहे, खाली फळ्यांच्या फटीतून पाणी दिसतंय, आणि नकाशातल्या सगळ्या नद्या सरकत येऊन इथे एक झाल्या आहेत. पाणी गढूळ, काठापर्यंत चढलेलं. पण पलीकडच्या काठावर बँकेचा पंखा फिरतोय आणि त्याखाली कुणी बसलेलं नाही.

होडीच्या टोकाशी एक बाई उभी आहे. काष्टा घातलेला, हात कोपरापर्यंत उन्हानं काळवंडलेले. ही चंद्राबाई, हे कुणी सांगावं लागत नाही. ती पाण्याकडे बघतेय.

वैजयंतीबाईंच्या डोक्यातलं ऑडिट जागं होतं. हिनं आता आपल्याला नाव विचारलं तर सरांचं एक, आपलं एक. दोनदा झालं की ‘असत’ ओढूनताणून चालेल. त्या मान पुढे करून बसतात, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारख्या. चंद्राबाई बघत नाही. बाई खाकरतात. तरी नाही.

“चंद्राबाई, मला नाव नाही विचारलंत?”

“मॅडम,” सर मागून कुजबुजतात, “साक्षीदाराला पढवताय.”

चंद्राबाई वळते. “तुझं नाव कशापायी? तू काय बुडाया आलीस व्हय?”

“पण तुम्ही ‘विचारत असत’ ना? सगळ्यांना?”

“सगळ्यांस्नी? मला दुसरा उद्योग न्हाई?” ती सरांकडे हनुवटी करते. “ह्येला इचारलं हुतं. त्या दिशी पाणी असंच चढलं हुतं. आन ह्ये एवढंसं पोर एकलंच आलं, म्हनतंय पलीकडं सोड. म्हनलं, उलाटलं तर कुनाच्या दारात जाऊन सांगू?”

होडी हलते.

बाईंना सरांकडे बघवत नाही, पण त्या बघतात, सवयीनं. सरांनी जन्मभर जपलेली एक गोष्ट कुणीतरी उजेडात धरली आहे आणि ते ती पुन्हा नीट बघतायत.

“मला वाटायचं, कौतुकानं विचारलं,” ते म्हणतात.

“मग? कवतिक नव्हं तर काय?” चंद्राबाई म्हणते. “बाकीच्यांचं कोन इचारतंय!”

ती खाली वाकते, काठावरच्या झाडाच्या बुंध्याला बांधलेला दोर सोडते आणि वैजयंतीबाईंच्या हातात देते. आता बाई काठावर उभ्या आहेत, चप्पल चिखलात, आणि होडीत सर बसलेत. एकटेच. पाय जुळवून, टोकन मांडीवर. दोर जाड आहे, काथ्याचा, ओला. पाणी होडीला ओढतं तसा तो तळव्यात रुततो.

“सोडू?” बाई विचारतात.

“आधी इचार,” चंद्राबाई म्हणते. “दोर तुझ्या हातात हाय.”

इतकी वर्षं ज्या माणसाशी आपण वेलांटीवरून भांडलो त्याला हे कसं विचारायचं? पण पाणी चढतंय.

“नाव काय तुमचं?”

“भूपाल,” सर म्हणतात. आवाज लहान मुलाचा. “आण्णा मगदूमांचा.”

“घर? कुणाला सांगायचं?”

सर विचार करतात. “घरात कोण नाही आता. मुलगा परदेशी, त्याला कळवलंय. तुम्हीच लिहून ठेवा कुठंतरी.”

“लिहीन. पण संदर्भ...”

“मॅडम,” सर म्हणतात, “हात दुखेल तुमचा.”

दोर खरंच कापतोय. बाई मूठ उघडतात.

“अगं, कुणाला नाव विचारतेस?”

मनोहरपंत दारात उभे आहेत. पंखा फिरतोय. चष्मा नाकावर तिरका झालाय, मोबाइल घसरून उशीखाली गेलाय.

“केव्हाची विचारतेयस, नाव काय तुमचं, नाव काय तुमचं. इतकी वर्षं लग्नाला झाली, मी मनोहर!”

“तुम्हाला नव्हते विचारत.”

“मग ठीक. चहा टाकतो.”

बाई उठून बसतात. झोप झाली की अंग हलकं व्हावं, इथे उलट झालंय. मोबाइल शोधून त्या निंबगावचा लेख उघडतात. पुरवणीचा संदर्भ काढतात. कारण लिहिण्याच्या जागी लिहितात: ‘वृत्तपत्रातील मजकूर याच लेखावरून घेतलेला आहे. जोडताना माझी चूक झाली.’ मग ते वाक्य निवडतात आणि क्षणभर थांबतात. मोहिमेच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढचा एक लेख कमी होतो. तिकडे कुणाचं लक्ष नसतं, पण त्यांचं असतं. त्या वाक्य पुसतात. उताराची रुंदी राहते, अंतर राहतं, पुलाचं साल राहतं.

ज्ञानकोशातल्या प्रत्येक लेखामागे एक चर्चेचं पान असतं. वाचक तिकडे फिरकत नाही. तिथे स्वयंसेवक एकमेकांशी हुज्जत घालतात. निंबगावच्या उताराचं ते पान कोरं आहे. वैजयंतीबाई त्यावर लिहितात:

‘चंद्राबाई अंबी यांनी भूपाल मगदूम या मुलाला एकदा, नदीला पाणी चढलेलं असताना, दोर सोडण्याआधी नाव विचारलं.’

कशावरून, ते लिहीत नाहीत. असं त्यांनी याआधी कधी केलेलं नाही. खाली आपलं नाव घालतात आणि जतन करतात.

मनोहरपंत चहा आणतात. कप पुढे करतात आणि तसेच थांबतात. “हे काय लागलं तुला?”

उजव्या तळव्यावर, करंगळीखालून अंगठ्यापर्यंत, तिरका लाल पट्टा आहे. त्यात पीळ दिसतोय, एकाआड एक, दाबून उठलेला. पंत चष्मा वर करून बघतात, बोटानं चाचपतात. बाई हात मागे घेतात.

“दोराचा वळ वाटतो,” पंत म्हणतात. “आपल्याकडे दोर कुठाय?”

बाईंच्या मनात येतं, फोटो काढून ठेवावा. लगेच दुसरं येतं, की स्वतः पाहिलेलं ज्ञानकोशात चालत नाही. त्या चहाचा कप डाव्या हातात घेतात. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून देतात, चुरचुरत असतो तोवर.