अठराशे नव्वदचा मिक्सर

त्या प्रकरणाचे कागद कधीच रद्दीत गेले असतील, पण मला ते जसंच्या तसं आठवतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मिक्सर, एक टेबल फॅन, एक इस्त्री आणि पाणी तापवायचा गिझर, एवढीच चोरी. याहून मोठे गुन्हे मी पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच विसरलेही. हे का विसरले नाही, ते सांगते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. नगर शहरातल्या एका ठाण्यात मी महिला हवालदार होते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, गावच्या प्राथमिक शाळेत झालेलं. त्या काळी तेवढ्यावर भरती व्हायची. कायदा मी पुस्तकात कमी आणि ठाण्यात जास्त शिकले.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फौजदारांनी मला बोलावलं. बाकावर एक चाळिशीची बाई बसली होती. पदर खोचलेला, हाताला भांड्याच्या राखेचा वास. कॉलनीत पाच घरी धुणीभांडी करायची. मूळची खर्डा गावची, नवरा वारल्यावर नगरला आलेली. तिच्यावर फिर्याद होती ती एका इंजिनिअरच्या बायकोची. ही बायको पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेली होती. पाच महिन्यांनी तान्हं पोर घेऊन परत आली, तेव्हा कपाटात तिला दुकानाची तीन बिलं सापडली. एक मिक्सरचं, एक फॅन आणि इस्त्रीचं, एक गिझरचं. बिलं होती, घरात वस्तू एकही नव्हती. त्या पाच महिन्यांत घराची किल्ली कामवालीकडे असायची. झालं. नोकरानं केलेली चोरी, कलम तीनशे एक्याऐंशी.

फौजदार तरुण होते, हुशार होते, फक्त घाईत असायचे. म्हणाले, "बाई, दिवस मावळल्यावर हिला ठाण्यात ठेवता येणार नाही. त्याच्या आत मुद्देमाल काढा. नाही निघाला तर अटक दाखवतो आणि उद्या कोर्टात उभी करतो. आणि थोडा आवाज चढवा, तुम्ही फार गप्पा मारता."

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि चहा मागवला. हात उगारला की कबुली सापडते, वस्तू सापडत नाही, हे मी तोवर शिकले होते.

"मिक्सर कुठं आहे?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी पाहिलाच न्हाई."

"सगळेच असं म्हणतात."

"म्हंत्यात तर म्हनू द्या. बाई, माझ्या घरात लाईट न्हाई. मिक्सर काय चुलीवर फिरवू?"

"विकला असशील."

"इकला तर पैशे दावा की मला. दुकानदाराची उधारी तरी फेडते." तिनं चहाला हात लावला नाही. मग म्हणाली, "सकाळी शिपाई घ्यायला आले तवा मी दुसऱ्या घरी भांडी घासत हुते. पाची घरच्या बाया गच्चीवर उभ्या राहून बघत हुत्या. आता मला दारात तरी कोन उभं करंल? मिक्सर घावला न्हाई घावला, माझं काम गेलंच की."

रडली नाही. रडणाऱ्यांपैकी निम्म्या खऱ्या असतात आणि न रडणाऱ्यांपैकीही निम्म्याच, त्यामुळे मी त्यावरून काही ठरवलं नाही. तिच्या खोलीची झडती घेतली. पाटा-वरवंटा, दोन पातेली, एक पेटी. बाकी काही नाही.

मग मी इंजिनिअरच्या घरी गेले. घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली घरमालक राहायचा. त्याचंच बाजारात इलेक्ट्रिकच्या वस्तूंचं दुकान होतं आणि ती तिन्ही बिलं त्याच दुकानाची होती. त्यानं जबाबही दिला होता, की हो, हा माल मी विकला.

मला एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरात गेले की मी आधी माळा बघते. आपल्याकडे माणूस वस्तू घेतो, पण तिचं खोकं टाकत नाही. गॅरंटी असते, बदली झाली की सामान भरायला लागतं, शिवाय नुसता जीवही सुटत नाही. मी स्टुलावर चढले. माळ्यावर टीव्हीचं खोकं होतं, कुकरचं होतं, लग्नात आलेल्या डिनरसेटचं होतं, घड्याळाचंसुद्धा होतं. मिक्सरचं नव्हतं. फॅनचं नव्हतं.

"वहिनी, खोकी कुठं गेली?"

"तिनंच नेली असतील," पोराला थोपटत ती म्हणाली.

"बरं. गिझर कुठं बसवला होता?"

तिनं न्हाणीघर दाखवलं. भिंत कोरी. खिळ्याचं एक भोक नाही. कोपऱ्यात तांब्याचा बंब उभा, राख अजून गरम.

"बसवायचा राहिला असेल. हो ना हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

इंजिनिअर दारात उभा होता. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "असेल." विकत घेणारा तो, पैसे त्याचे, आणि त्याला माहीत नाही की आपण गिझर बसवला की नाही! मी त्याच्याकडे पाहत राहिले, तर तो नळ नीट बंद झाला आहे का ते तपासायला लागला.

मी बिलं मागून घेतली. तोवर ती मीसुद्धा नीट पाहिली नव्हती. फौजदारांनी तिन्हींची बेरीज करून फिर्यादीत किंमत टाकली होती, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती बेरीजच होती. मी एकेक बिल वेगळं धरलं. मिक्सर अठराशे नव्वद. फॅन आणि इस्त्री मिळून अठराशे नव्वद. गिझर अठराशे नव्वद. लागोपाठ तीन महिने, प्रत्येक वेळी पाच तारखेच्या आसपास. बिलाला एकेक पातळ चिठ्ठी टाचलेली होती, तिच्यावर निळे आकडे उमटलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"कार्डाची पावती," इंजिनिअर म्हणाला. "क्रेडिट कार्ड. रोख द्यावं लागत नाही. बँक दुकानदाराला देते, आपण बँकेला नंतर द्यायचं."

मी असं कार्ड तोवर पाहिलं नव्हतं. म्हटलं, बघावं तरी.

दुपारी दुकानात गेले. घरमालक गल्ल्यावर बसला होता, गोरा, गोल, बोलका. मी चोरीचं नावच काढलं नाही. म्हटलं, "मला ते कार्डाचं यंत्र बघायचंय."

"या ताई, बसा. अख्ख्या नगरात किती दुकानांत असेल सांगा!" त्यानं हौसेनं टेबलावर एक लोखंडी पाट ठेवला. त्यावर कार्ड ठेवायचं, वर कार्बनची चिठ्ठी, आणि एक दांडा इकडून तिकडे खटकन सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे चिठ्ठीवर उमटतात. स्वतःचं कार्ड घालून त्यानं मला करून दाखवलं. मलाही सरकवू दिलं. गंमत वाटली, खोटं कशाला सांगू?

"आणि तो इंजिनिअरनं घेतला तसला मिक्सर मला केवढ्याला पडेल?"

"तुमच्यासाठी पंधराशे पन्नास."

"त्यांना अठराशे नव्वद कसे लावले?"

तो जरासा अडखळला. "ताई, कार्डावर जादा लागतं. बँक आमच्याकडून कापून घेते ना. मग आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतो."

"किती घेता?"

"शंभराला पाच. सगळ्यांना तेच."

आमच्या शाळेत मास्तर पावकी-निमकी पाठ नसली तर उन्हात उभं करायचे. मला कागद लागला नाही. अठरा शंभराला पाच-पाच म्हणजे नव्वद. अठराशे अधिक नव्वद. मग मिक्सरही अठराशेचा, फॅन-इस्त्रीही अठराशेची आणि गिझरही अठराशेचा? तीन वेगवेगळ्या वस्तू आणि किंमत रुपयाला रुपया एक? आणि दर महिन्याच्या पाच तारखेला माणूस काय विकत घेतो?

मी यंत्र त्याच्याकडे सरकवलं. "शेठ, तुमच्या वरच्या तीन खोल्यांचं भाडं किती?"

त्यानं नोकराला चहा आणायला बाहेर पाठवलं आणि मग हळूच म्हणाला, "अठराशे."

"म्हणजे तुम्ही यंत्रावर भाडं घासलंत आणि बिल मिक्सरचं फाडलंत."

"भाडं कार्डावर चालत नाही हो ताई, माल दाखवावा लागतो. त्यांच्याकडे रोख नव्हतं. मी म्हटलं कार्ड आहे ना, दुकानात या. त्यांचीच अडचण भागवली."

"वर नव्वद घेऊन."

"ते बँकेचे!"

"सगळे?"

तो गल्ल्यातली नाणी सारखी करायला लागला. बँक किती कापते ते मी पुढे विचारलं. पाच नव्हे, त्याच्या निम्मं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच होतं. "आणि माल विकला असा जबाब पोलिसांना दिलात. एक बाई सकाळपासून ठाण्यात बसली आहे, माहीत आहे ना?"

"मला वाटलं, मिटेल आपोआप," तो म्हणाला.

चार वाजता इंजिनिअरला ठाण्यात बोलावलं. बायकोही पोराला घेऊन मागोमाग आली. मी फौजदारांसमोर तिन्ही बिलं मांडली आणि दुकानदाराचा नवा जबाब वाचला. मग इंजिनिअर बोलला. कारखान्यात चार महिने पगार नव्हता. बायको माहेरी, सासरे मोठे, बारसं थाटात झालेलं. पगार नाही हे कळलं असतं तर त्यांनी मुलगी पाठवली नसती, निदान त्याला तसं वाटलं. म्हणून भाडं कार्डावर, आणि कार्डाचं पुढचं पुढे. बिलं फाडून टाकायची राहून गेली.

"अहो, पण मी तुम्हाला विचारलं होतं," बायको म्हणाली. "मिक्सर आणलात का, म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हटलं. मग तू म्हणालीस, किल्ली तिच्याकडे होती. मी... काही बोललो नाही."

मला त्याचा राग आला नाही, हे खरं सांगते. मला नवल वाटलं. पगार नसताना हा माणूस लाज झाकायला भाड्यावर आणखी नव्वद रुपये भरत होता, तेवढं त्याला परवडत होतं. आणि त्या लाजेची किंमत चुकवायला दुसरीच बाई बाकावर बसवलेली. शिकलेला, सज्जन. कुणाचा काटा काढायचं त्याच्या मनातही नव्हतं. फक्त गप्प बसला. पुढच्या नोकरीत मी खोटं बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्यांना जास्त प्रश्न विचारायला लागले, ते या माणसामुळे.

फौजदार थोडे ओशाळले होते. म्हणाले, "गैरसमजातून फिर्याद. कोर्टात सी समरी पाठवून प्रकरण बंद करू." दुकानदाराच्या खोट्या बिलांबद्दल बँकेला पत्र गेलं. त्याचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. मग फौजदार कामवालीला म्हणाले, "मावशी, जा तुम्ही घरी. सुटलात."

ती उठली नाही.

इंजिनिअरच्या बायकोचे डोळे भरले होते. म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. उद्यापासून या कामाला."

"न्हाई यायची," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं एक घर गेलं तरी चालंल." मग फौजदारांकडे वळली. "सायेब, ल्हिऊन द्या."

"काय लिहून द्यायचं?"

"की ह्या बाईनं चोरी केली न्हाई."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. "असा काही नमुना नसतो हो मावशी."

खरंच नव्हता. फिर्यादीचा आहे, झडतीचा आहे, अटकेचा आहे, जामिनाचा आहे. कपाटं भरून छापील कागद, पण अमुक माणसानं काही केलं नाही असं सांगणारा एकही नाही. तिथं इतकी वर्षं बसून मला हे कधी दिसलं नव्हतं. आणि आणखी एक. दिवसभर आम्ही सगळे चोर शोधत होतो. वस्तू होती तरी का, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर मी चोरीच्या प्रत्येक फिर्यादीत आधी वस्तू शोधत गेले, मग चोर. त्यामुळे बरीच माणसं वाचली, आणि दोन-तीन चोरही सापडले.

"साध्या कागदावर लिहिते मी," मी म्हटलं. फौजदार टोपी घालून बाहेर निघून गेले. ती त्यांची परवानगीच होती.

मी कागद पुढे ओढला. ती टेबलाला टेकून उभी राहिली.

"एक न्हाई पुरायचा. पाच घरं हायेत. हे घर सोडलं तर चार, आन् एक मला."

मी पाच कोरे कागद घेतले, मधे कार्बन घातले आणि जोर देऊन लिहिलं. अक्षर माझं मोठं, शाळकरी. तपासात या बाईचा काही दोष आढळला नाही, वस्तू मुळात खरेदीच झालेल्या नव्हत्या. खाली सही केली आणि ठाण्याचा गोल शिक्का मारला. त्या शिक्क्याबद्दल पुढे मला लेखी विचारणा झाली, तिचं उत्तर मी दिलं.

तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं एकेक कागद उजेडात धरून पाहिला. चार बाजूला ठेवले. सगळ्यात खालचा माझ्यापुढे सरकवला.

"ह्यो पुसट हाय, बाई. परत ल्हिवा."

मी परत लिहिला.