मास्टरचं बटण

हॅलोअण्णांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळून बघत नाहीत. अण्णा म्हटलं तर बघतात. अलीकडे तेही जरा उशिराच, पण मोठा माणूस आहे, कामात असेल, असं आपण समजून घ्यायचं.

सभा, संमेलन, शाळेचं बक्षीस वाटप, काहीही असो, त्या हॉलमधला पहिला आवाज अण्णांचा. "हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू. हॅलो." थ्री कधीच येत नाही. एकदा कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "थ्री म्हटलं की लोकांना वाटतं कार्यक्रम सुरू झाला. टाळ्या वाजवतात. मग त्या टाळ्या बोलणाऱ्याला कमी पडतात."

लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा हा धंदा अण्णांनी एका कर्ण्यापासून उभा केला. आता टेबलावर मिक्सर असतो, त्यावर बटणांची रांग, प्रत्येक बटणाखाली पांढरी टेप आणि आवाज कुठवर ठेवायचा त्याची पेनाने ओढलेली रेघ. रांगेतल्या बटणांना धाकटा भाऊ हात लावू शकतो, लेक लावू शकते. अगदी उजवीकडचं मोठं बटण म्हणजे मास्टर. सगळे आवाज शेवटी त्यातून जातात. त्याला फक्त अण्णांची दोन बोटं.

"कोण बोलतो याला काय अर्थ आहे?" मास्टरवर बोटं टेकवून अण्णा सांगायचे. "ऐकू किती जातो ते बघायचं. आणि ते इथून ठरतं."

घरीही तीच व्यवस्था. टीव्हीचा रिमोट शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. पंखा कितीवर, गिझर कधी बंद, सगळं अण्णांच्या हुकमाने. हल्ली अण्णांचा टीव्ही इतका खणखणीत लागतो की शेजाऱ्यांनी स्वतःचा लावायचं सोडून दिलं. बातम्या त्यांना भिंतीतून मिळतात.

साहेबांच्या डब्याची युक्तीही अण्णांचीच. साहेब म्हणजे व्यापारी संघाचे अध्यक्ष. गेल्या कित्येक निवडणुका त्यांच्यासमोर कुणी उभं राहिलेलं नाही, आणि जो राहिला तो नंतर बसला. साहेबांना बोलताना आवाज आपल्या हातात हवा असतो. म्हणून अण्णांनी त्यांच्यासाठी एक छोटा डबा बनवला. त्यावर एक बटण आणि एक लाल दिवा. साहेब डावा हात त्यावर ठेवून बोलतात, जोर आला की बटण फिरवतात आणि समाधान पावतात. डब्यातून एक वायर निघते, ती टेबलाच्या पायाला गुंडाळलेली असते. तिथेच संपते. दिवा आतल्या सेलवर चालतो.

"ज्याला सत्ता हवी त्याला दिवा द्यावा," अण्णा घरी येऊन सांगायचे, आणि सगळे पोट धरून हसायचे.

मग घरात हसणं कमी झालं.

सुरुवात टेबलापासून झाली. टेबल नेहमी स्टेजच्या खाली, उजव्या अंगाला असायचं. एका कार्यक्रमाला अण्णा पोहोचले तर धाकट्याने ते हॉलच्या पार मागे मांडून ठेवलेलं. "इथून सगळं नीट दिसतं, अण्णा." धाकट्याचं सगळं बोलणं असंच असतं, अर्धं पोटात ठेवून. नको म्हणायचं तर "बघू की" म्हणतो, हो म्हणायचं तरी "बघू की". त्याच्या लग्नातही त्याने हेच उत्तर दिलं असणार.

दुसरं, स्टेजच्या पडद्यामागे एक नवी पत्र्याची पेटी जायला लागली. "सुट्या वायरी," लेक म्हणाली. कार्यक्रम सुरू झाला की लेक त्या पेटीकडे जायची आणि संपेपर्यंत परत यायची नाही. सुट्या वायरींना इतकी सोबत कशाला लागते?

तिसरं, बायको. जन्मात कधी सभेला न आलेली बाई थर्मास घेऊन यायला लागली. अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. अण्णा उठायला लागले की कप पुढे. "बसा हो, चहा घ्या. पाय दुखतात तुमचे. मी आपलं सांगितलं." अण्णांचे पाय कधीच दुखत नव्हते.

आणि घरी कुजबुज. स्वयंपाकघरात तिघांचे ओठ हलताना दिसायचे, आवाज मात्र नाही. अण्णा दारात आले की ओठही थांबायचे.

"काय चाललंय?"

"कुठे काय," धाकटा म्हणाला.

"मी आलो की बंद होतं."

"अहो, बंद कुठे होतं, तुम्हालाच..." बायको मध्येच थांबली.

"मला काय?"

"तुम्हाला साखर कमी लागते."

लेक वळून सिंकमधली भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. अण्णांनी ते बघून ठेवलं.

त्यांनी हिशेब जुळवला. टेबल मागे, पेटी पुढे, बायको पहाऱ्यावर. धाकट्याला धंदा हवा होता आणि घरातल्या दोन्ही बायका त्याने फोडल्या होत्या. उद्या दुकानाच्या पाटीवरून आपलं नाव उतरेल आणि आपल्याला कळणार कसं, तर नव्या पाटीवर वाचून.

अशात साहेबांनी बोलावणं पाठवलं. साहेबांचं फरशांचं दुकान आहे, त्यामागे काचेची केबिन. साहेब कुठल्याही विषयाला एकाच दरवाजातून शिरतात.

"प्रश्न तो नाही, अण्णा. प्रश्न काय आहे, हा प्रश्न आहे." साहेबांनी पेपरवेट फिरवला. "तो चष्मेवाला उभा राहतोय."

चष्म्यांच्या दुकानाचा मालक. बोलायला लागला की आधी चष्मा पुसतो, मग घसा, मग सुरुवात करतो. पण बाजारातले लोक अलीकडे त्याचं थांबून ऐकतात.

"दुपारची सभा आहे. आधी तो बोलेल, मग मी. तो बोलायला लागला की जरा शिट्टी येऊ द्या."

शिट्टी म्हणजे माईकचा आवाज स्पीकरमधून परत माईकमध्ये शिरून जी कर्कश किंकाळी उठते ती. अण्णांच्या धंद्यात ती नालायकीची खूण. अण्णांनी आजवर एखाद्याचा आवाज किंचित पातळ केला असेल, एखाद्याला सर्दी झाल्यासारखा केला असेल. पण मुद्दाम शिट्टी नाही. उलट मागे शाळेच्या कार्यक्रमात सगळ्या हॉलने एकदम कानांवर हात ठेवले, तेव्हा अण्णांना वाटलं, भाषणाचा निषेध करायची ही नवी पद्धत असावी. बोलणाऱ्याला मदत म्हणून त्यांनी आवाज आणखी वाढवला होता.

"शिट्टी नको, साहेब. माझं नाव जाईल."

"प्रश्न नावाचा नाही. तुमचे बंधू आले होते." साहेबांनी पेपरवेट थांबवला. "म्हणाले, यापुढे कार्यक्रमाचं माझ्याशी बोलत जा, अण्णांना त्रास नको."

"त्रास नको?"

"असं म्हणाले. आता मला सांगा, संघाची कामं कुणाला द्यायची? आम्ही एवढंच ओळखतो, ज्याच्या हातात मास्टर तो मालक. शिट्टी वाजली की समजू, मालक अजून तुम्हीच."

अण्णा हो म्हणाले.

सभेच्या दिवशी हॉल भरला. अण्णा मागच्या टेबलावर, शेजारी बायको आणि थर्मास. स्टेजवर साहेबांचा डबा, दिवा लावून तयार. चष्मेवाला उठला. चष्मा पुसला, घसा पुसला.

"मित्रहो, मी फार बोलणार नाही," तो म्हणाला, आणि बोलायला लागला.

अण्णांनी मास्टर रेघेच्या वर नेला. काही नाही. आणखी वर. चष्मेवाल्याचा आवाज आपला तसाच, गोड, घरात बसून बोलल्यासारखा. बाजाराच्या गेटची चावी साहेबांच्या खिशात का असते, एवढंच तो विचारत होता, आणि लोक माना हलवत होते. अण्णांनी बटण शेवटपर्यंत सरकवलं. पुढे जागाच उरली नाही. स्टेजवरून साहेब त्यांच्याकडे असं बघत होते जसं माणूस न आलेल्या लिफ्टकडे बघतो.

यंत्र बिघडलं असेल म्हणून अण्णांनी मास्टर पूर्ण खाली ओढला. शून्यावर.

चष्मेवाला बोलतच राहिला.

अण्णांनी मास्टरवरून बोटं उचलली. ते वाकले.

"पडलं का काही? चहा घेता?" बायको म्हणाली.

अण्णा टेबलाखाली गेले. मिक्सरच्या मागून जाड वायर निघाली होती, टेबलाच्या पायाला सुबक वेढे घेत होती आणि तिथेच संपली होती. टोकाच्या पिनेवर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी, तिला रबर. पिनेला अशी पिशवी बांधायची हे अण्णांनीच लेकीला शिकवलं होतं.

ते वर आले, खुर्चीवर बसले आणि स्टेजच्या पडद्याकडे बघितलं. पडद्याच्या फटीत पत्र्याची पेटी उघडी होती, तिच्यावर छोटा मिक्सर. लेक त्यावर वाकलेली, धाकटा शेजारी वायर धरून. लेकीची दोन बोटं उजवीकडच्या बटणावर होती.

"मला डबा दिलात," अण्णा म्हणाले.

बायकोने थर्मासचं झाकण लावलं. मग त्यांच्या उजव्या कानाकडून उठून डाव्या कानाकडे आली, तिकडची खुर्ची ओढली आणि तोंड जवळ नेऊन बोलली.

"तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही. बारीक आवाज कुठलाच येत नाही. त्या दिवशी शाळेत सगळा हॉल कान झाकून बसला होता आणि तुम्ही वाढवत होतात. पोरगी पळत जाऊन पिन उपटून आली. मी आपलं सांगितलं."

"आणि तुम्ही कुजबुजता ते?"

"आम्ही नेहमीसारखंच बोलतो हो."

"साहेबांकडे धाकटा गेला होता."

"गेले होते भावजी. त्या बाबतीत तुमचा संशय खरा आहे." बायको कधीच एवढं सरळ बोलली नव्हती. "धंदा हवाच आहे त्यांना. पण मास्टर त्यांच्या हातात दिलाय का मी? पोरीच्या हातात दिलाय."

"तू दिलायस?"

ती एकदम खुर्चीत मागे सरकली. "कुणी कशाला देतंय. झालं आपोआप."

आपोआप कुठलंही बटण फिरत नाही, हे अण्णांना पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं घरात मास्टर कुणाच्या हातात होता, आपल्या खिशातल्या रिमोटला सेल तरी कुणी घातले होते, असे प्रश्न त्यांच्या मनात एकामागून एक यायला लागले. पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या, चष्मेवाला खाली बसला आणि साहेबांचा माणूस खुर्च्यांमधून वाट काढत टेबलाशी आला.

"अण्णा, साहेब विचारतायत. शिट्टी का नाही वाजली?"

तो पुढे वाकून, कान देऊन उभा होता. एक शब्द चुकीचा, की पाटी उतरणार.

"वाजवायची नाही असं मी ठरवलं," अण्णा म्हणाले. "सांगा त्यांना. मास्टर माझ्या हातात आहे."

माणूस गेला. साहेब माईकपाशी आले, डावा हात डब्यावर ठेवला. "प्रश्न चावीचा नाही," त्यांनी सुरुवात केली. "प्रश्न आहे की चावी कुणी मागितली."

अण्णांनी मास्टरवर बोटं ठेवली आणि पडद्याच्या फटीकडे बघितलं. लेक बघत होती. नेहमीच बघत असणार, आपल्याला संशय येऊ नये म्हणून. चष्मेवाल्याच्या वेळी मात्र तिने मुद्दामच हात हलवला नसणार. अण्णांनी बटण जरासं वर नेलं. तिचा हात हलला. साहेबांचा आवाज जरासा वाढला. अण्णांनी ते परत रेघेवर आणलं. आवाज रेघेवर आला.

वायर नव्हती, पण बटण चालत होतं.

मग अण्णांनी ते हळूहळू खाली ओढायला सुरुवात केली. लेकीचा हात थांबला. तिने वडिलांकडे बघितलं, धाकट्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तिने मान हलवली, हो की नाही ते इतक्या लांबून कळेना. मग साहेब खाली जायला लागले. आधी त्यांचे प्रश्न पातळ झाले, मग उत्तरं, मग नुसते ओठ उरले. साहेबांनी डब्याचं बटण फिरवलं, परत फिरवलं, दिवा लाल आहे का ते वाकून बघितलं. दिवा होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ते अण्णांना ऐकू आलं नाही, खांदे हललेले दिसले.

"हे तुम्ही केलंत का पोरीने?" बायकोने डाव्या कानात विचारलं.

अण्णा फटीकडे बघत होते. लेक आता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती साहेबांकडे बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती, आणि तिच्या दोन बोटांनी आवाज आणखी एक रेघ खाली गेला. अण्णांची बोटं मात्र मघापासून हललेली नव्हती.

"मीच," अण्णा म्हणाले, आणि घाईघाईने बटण तिच्या रेघेवर नेऊन ठेवलं.