कूलरपुढचं बदली मशीन

पहिला कॉम्प्युटर एप्रिलात मेला आणि कंपनीने बदली दुसरा पाठवला, तेव्हा आनंद राहिला बाजूला, मला धडकीच भरली. गांधीबागेतल्या त्या ठोक कापडाच्या ऑफिसात मी या यंत्रासाठीच तात्पुरती लागले होते. वडील नुकतेच निवृत्त झालेले, घरात कमावती मी एकटी. सेठजींनी सरळ सांगून ठेवलं, "हेही बंद पडलं तं वापस पाठवून देतो. मंग तुमचं बी काम नाही, ताई."

बदली मशीन आठवडाभर शहाण्यासारखं वागलं. मग तेच चाळे. मध्येच पडदा काळा, नाहीतर बिल छापता छापता गप्प. ऐन लग्नसराई, समोर व्यापारी ताटकळलेले. पहिल्या मशीनच्या वेळी इंजिनिअरने शिकवलं होतं तसं मी डबा उघडायची, आतली कार्डं उपसायची, त्यांचे चकचकीत दात शाळेच्या खोडरबरने घासायची आणि परत बसवायची. मशीन सुरू. दोन-तीन दिवसांनी पुन्हा हातात पेचकस. वायर बदलून पाहिली, प्लग बदलून पाहिला. नुसता वीट आला होता.

"कूलर लावला तरी काहून बंद पडून राहिलं हे?" सेठजी दारातून विचारायचे. जसं काही मीच त्याला फूस लावत होते!

मशीन थंड ठेवा, असं कंपनीने बजावलेलं. एसी लावायची सेठजींची तयारी नव्हती. म्हणून मार्चातच त्यांनी हॉलमधला कूलर काढून माझ्या खोलीच्या खिडकीत बसवला, तोंड थेट मशीनकडे. तापलेल्या कशावरही आमच्या नागपुरात इलाज एकच, वाळा आणि पाणी. हॉलमधले कारकून डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन बिलं तपासायचे आणि माझ्याकडे रागाने बघायचे.

एका दुपारी कार्ड घासताना दातांच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. कूलरच्या जाळीवर साचतो तोच पाण्याचा खार. इतके दिवस आम्ही मशीनला ओल पाजत होतो! मी दात घासले, कूलर बंद केला आणि कोणाला काही बोलले नाही. मशीन आठवडाभर कुरकुरलं नाही, तेव्हा सेठजींना सांगितलं. त्यांना ते पटायला जड गेलं, पण कूलर हॉलमध्ये परत गेला. कारकुनांनी तो वरातीसारखा नेला.

"ताई, तुम्ही बी इकडेच बसा ना जी," हेडक्लार्क काका म्हणाले. पण हॉलमध्ये कापडाचं तूस उडायचं, मशीन तिथे नेता येईना. सेठजींनी एक टेबलफॅन आणला. तो मशीनकडे वळवला.

मे महिन्यात मशीन एकदाही अडलं नाही. एका दुपारी बिलं छापत असताना माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खुर्चीवरून खाली गेले. डोळे उघडले तर काका नाकाशी फोडलेला कांदा धरून बसलेले आणि सेठजी दारात.

"बिलं तं निघाले ना?" त्यांनी विचारलं.

मी मान वळवून पाहिलं. प्रिंटरमधून कागद सरकत होता.

"निघून राहिले जी," मी म्हणाले.

जूनमध्ये त्यांनी मला कायम केलं. मी घरी पेढे नेले. इतकी खूश झाले होते मी, हे आठवलं की आजही थकायला होतं.