हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही

माझी सगळी नोकरी बंगळुरातल्या सरकारी कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेली. "झालं, सर" असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

बायकोनं निपाणीतल्या लहानपणावर पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा ते सांभाळायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाऊडवर. "बॅकअप पूर्ण" म्हणून हिरवी खूण यायची, पण मी तिला भीक घालत नसे. खूण काय, काहीही झालं नसलं तरी उमटेल! म्हणून दर रविवारी चहा झाला की मी डिस्क जोडायचो, तिची फाइल उघडायचो, पहिल्या पानावरची अक्षरं नीट दिसतात ना ते बघायचो आणि बंद करायचो. ती समोर भाजी निवडत बसलेली असे.

गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉपनं मान टाकली. इंदिरानगरच्या दुरुस्तीवाल्यानं "स्वल्प कष्ट, सार", म्हणजे जरा अवघडच आहे, असं म्हणत तो परत दिला. मी मनातल्या मनात हसलो. घरी येऊन ऐटीत डिस्क जोडली.

फाइल उघडली. आत पहिली तीनच प्रकरणं होती, आणि बायको तर शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचली होती. क्लाऊडवरही तेवढंच. मला आधी डिस्कचा संशय आला, मग क्लाऊडचा, मग जावयाचा, कारण डिस्क त्यानं आणली होती. तिची एवढी मेहनत माझ्या हातून गेली, या विचारानं मला दरदरून घाम फुटला.

"शोधू नका," ती म्हणाली. "पुढचं मी त्या फाइलीत ठेवलंच नाही. प्रत्येक प्रकरण वेगळं लिहून अक्काला मेल करते."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जे. पी. नगरला राहते. बायकोनं लगेच तिला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सगळं हाय की गं! स्वल्प थांब, पाठवते."

माझा जीव भांड्यात पडला. पण स्वभाव कुठं जातो?

"अक्काकडच्या फाइली नीट उघडतात का, हे कधी कुणी तपासलंय?" मी विचारलं. "तिला यातलं काय कळतं?"

"अक्का तपासत नाही," बायको म्हणाली. "वाचते."