गोळ्या सुनेला, पथ्य मला

सिंदेवाहीच्या दवाखान्यातले कंपाउंडर गोळ्यांची पुडी कधी मुकाट्याने देत नसत. त्या गोळ्यांनी कोणते त्रास होऊ शकतात ते बोटांवर मोजून सांगत, आणि घरच्या वडीलधाऱ्याने ते सगळे म्हणून दाखवल्यावरच पुडी सोडत.

माझ्या सुनेला मूल व्हावे म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी तिला मळमळे, चक्कर येई. भाताची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, तोंडावर आली होती; पुढची पुडी घ्यायला गेलो तेव्हा दवाखान्यातच मी तिला कामचुकार म्हणालो. तिने मान खाली घातली आणि आता गोळ्याच नकोत, असे सांगितले. माझा तो शब्द मला आजही बोचतो.

"मळमळ, चक्कर, डोकेदुखी. तुमीच मले म्हणून दाखवलं होतं नं, भाऊ?" कंपाउंडर शांतपणे म्हणाले. "गोळ्या तिले, पथ्य तुमाले. तिच्या जागी रोवणीले तुमी उतरा."

रोवणी हे आमच्याकडे बायकांचे काम. तरीही दुसऱ्या दिवशी मी धोतर खोचून चिखलात उतरलो. बायका हसून हसून वाकल्या. एवढ्यात कंपाउंडरांनी बांधावर सायकल आडवी टाकली, विजार गुडघ्यांवर दुमडली आणि ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"एकट्याले पथ्य जड जाते, भाऊ."

माझ्याशी कधी मोठ्याने न बोललेली सून बांधावरून ओरडली, "मामाजी, तुमचं रोप आडवं पडून राह्यलं!" मग हसू आवरत तिने पाण्याबरोबर त्या दिवसाची गोळी घेतली.