नत्थुजींचे संवाद

हौसेला मोल नसतं म्हणतात. अमरावतीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा किशोर आणि अकोल्यात लग्नांचे व्हिडिओ काढणारा वकार यांनी मिळून ‘धुरा पिक्चर्स’ काढली. दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, दोघांचा, तशी कंपनी दोघांची. वर्षभरही टिकली नाही. सिनेमा तेवढा एक झाला, अस्सल वऱ्हाडी बोलीतला.

त्यात म्हाताऱ्याचं काम किशोरच्या वडिलांनी, हिवरखेडच्या नत्थुजींनी केलं. लिहून दिलेलं वाक्य त्यांनी एकदाही जसंच्या तसं म्हटलं नाही. किशोर चिडला की म्हणत, “तुह्या कागदातला मानूस बोलत असन तसा. मी नाई बोलत.” वकार कॅमेऱ्यामागे हसत राही.

सिनेमा कुणी घेईना. एक वितरक म्हणाला, ही भाषा पुण्यामुंबईला कळणार नाही. बुडत्याला काडीचा आधार! किशोरनं सगळे आवाज पुण्यात नव्यानं भरून घेतले, शुद्ध भाषेत. तरी सिनेमा पडूनच राहिला. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा वकारनं विचारलं, “हार्ड डिस्कमधी जागा नाई. जुना आवाज ठेवू का उडवू?”

“उडव,” किशोर वैतागून म्हणाला. “कोन आयकते आता?”

पुढच्या वर्षी नत्थुजी गेले. तेरवी झाल्यावर आई, कौशल्याबाई, म्हणाली, “तो पिच्चर लाव बरं. मले त्याईचा आवाज आयकाचा हाय.”

टीव्हीवर नत्थुजी ओट्यावर बसले, तोंड उघडलं, आणि भलताच माणूस बोलला, “अगं, ऐकतेस का?”

“हे कोन व्हय?” आईनं विचारलं. जन्मभर नत्थुजी तिला “आयकून राह्यली काय वं?” असंच म्हणत आले होते.

किशोरनं अंगणात जाऊन वकारला फोन लावला. जुना आवाज कुठं उरलाय का, विचारलं. वकार म्हणाला, “किशोरभाऊ, त्या डिस्कवर आता लोकाइची लग्नं हायेत.”

किशोरला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ज्या बोलीसाठी कंपनी काढली, ती त्यानंच बापाच्या तोंडातून काढून घेतली होती.

तो आत आला तर आईनं टीव्हीचा आवाज बंद केला होता. नवऱ्याच्या ओठांकडे बघत ती पुटपुटत होती, “च्या मांड वं... वावरात जातो...” तिला सगळं कळत होतं. शेवटी नत्थुजी वळले आणि थेट कॅमेऱ्याकडे, शूटिंगच्या वेळी किशोर उभा होता तिकडे बघत, बरंच काही बोलले. कागदात तिथं दोनच शब्द होते. चेहरा छान आला म्हणून तो शॉट ठेवला होता.

“हे नाई समजलं,” आई म्हणाली. “तुह्याकडे पाहून काय म्हनले रे ते?”

किशोरला फक्त आपण “कट, कट” असं ओरडल्याचं आठवत होतं.